निळ्या हातांचा घास

"हात मागे का लपवतेस? दाखव की!" दोरुम नाखवा इशेलच्या दारात उभा राहून ओरडला.

इशेलनं हात पुढे केले. तळवे स्वच्छ होते. शेजारच्या ओट्यावर मी कंद सोलत होते. तिचे तळवे निळे नसलेले, साध्या कातडीच्या रंगाचे मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. निळडिंक एकदा हाताला लागला की त्याचा रंग अख्खा हिवाळा उतरत नाही, आणि त्या हातचं खाणारं माणूस पुढची भरती पाहत नाही. पण होडीच्या तळाला हा डिंक हवाच, नाहीतर दातकिडा लाकूड पोखरतो. कुंचल्यावर तो दगड होतो. तळहाताची ऊबच लागते. ऊब कुणाच्याही हाताला असते. पण हे काम इशेलच्या घराला लावून दिलेलं. त्यामुळे ती जन्मभर ताटाला तोंड लावून जेवली. पोरं तिला 'गाय' म्हणत. या हिवाळ्यात मात्र लेकीसाठी तिनं डिंकाला बोट लावलं नव्हतं.

"परवा तावीचं लग्न आहे, नाखवा. पहिला घास आईच्या हातचा लागतो."

"माझी बायको भरवेल. तिचे हात काय झडलेत?"

"मग डिंकही तिलाच लावू द्या की!"

मला हसू फुटलं. नाखवा माझ्यावर उखडला, "गुने, तू देवळात टाळ कूट. इथं तोंड घालू नकोस." मग इशेलकडे वळला. "उद्याच्या भरतीला माझी नवी होडी पाण्यात जाणार. डिंक लागो, न लागो. आणि पहिलं वल्हं तुझ्या जावयाच्या हातात देणार. बघ बाई, तुझं तू."

तो गेला. इशेल तळव्यांकडे बघत बसली.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"आणि जावई बुडला म्हणजे?"

आदल्याच दिवशी ओरेनबाबांनी देवळात कथा लावली होती. समुद्राच्या तळातून विष उसळलं, तेव्हा लेकरांसाठी दर्यामाईनं ते उघड्या तळव्यांनी दाबून धरलं, आणि तिचे हात निळे झाले. बाबांचा आवाज असा लागला होता की माझे टाळ आपोआप वाजत होते. सगळं गाव रडलं. सर्वांत मोठ्यानं नाखवा. दाढी भिजली मेल्याची!

संध्याकाळी त्याची होडी निळी झाली होती. इशेलचे हातही, कोपरापर्यंत.

लग्नात तिला मांडवाबाहेर उभं केलं. नाखव्याच्या बायकोनं पानावरचा घास उचलून तावीच्या ओठांशी नेला. तावीनं तोंड मिटलं.

"घे गं, बये. बिनघासाची गेलीस तर सासरी पोरकी म्हणतील."

"म्हणू देत," असं म्हणून तावीनं मान फिरवली. घास पुन्हा पानावर पडला.

कुजबुज वाढली, तशी ती झाकायला ओरेनबाबांनी पद धरलं. नेमकं तेच, निळ्या तळव्यांच्या माईचं. ज्या पदासाठी मी उपाशीपोटी कोसभर चालत जाते, ते पद. आणि माझे हात उचलेनात. मी टाळ जमिनीवर ठेवले.

"गुने, ताल सोडलास?"

"बाबा, जिचं गाताय ती बाहेर ताटकळतेय. आधी तिला आत घ्या."

बाबांचा सूर तिथंच तुटला. त्यांनी बाहेर पाहिलं, मग मान खाली घातली.

इशेल चालत आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, अडवलंही नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन ती गुडघ्यांवर बसली, पानावर वाकली आणि जन्मभर जशी जेवली तसाच तो घास दातांत उचलला. पिलाला चारा द्यावा तशी ती पुढे झुकली. तावीनं तोंड उघडलं.

"उष्टं! अरे, हे काय गुरासारखं!" नाखवा ओरडला. एरवी हसणाऱ्या पोरांतलं एकही हसलं नाही.

इशेल लेकीच्या कपाळाला कपाळ टेकून तशीच बसून राहिली. आम्हाला दिसत होती ती फक्त तिची पाठ, आणि त्या पाठीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले दोन निळे हात.