वटारच्या राखीव बाकावरची पैज

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. माझी गोष्ट एका येडपट पैजेपासून सुरू होते, आणि ती पैज माझ्याच अंगावर बसून लागली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

गाव आमचं वटार. शत्रुघ्नभाऊ आणि प्रिस्काबाय शेजारी-शेजारी, दोघांच्या केळीच्या वाड्यांमधे फक्त एक कुंपण. भाऊ आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. क्लब बायकांचा आहे, चांगला पगारी, लीगमधे खेळणारा. प्रिस्काबाय क्लबात कुणीच नाही, पण आवाज सगळ्यात मोठा तिचाच.

त्या दिवशी टीम लागोपाठ चौथी मॅच हरली. भाऊ माझ्यावर धपकन बसले.

"यंदा लीगमधून खाली गेलो ना, तर ज्युनियर टीम बंद! सगळ्या अनुभवी बायका बाहेरून आननार. केळीच्या बुडाशी नव्या कोंबांची पिलं फुटली की आपन काय करतो? कापतो. तवाच मोठ्या झाडाला घड लागतो."

"आनि सगळीच पिलं कापतोस?" प्रिस्काबायनं विचारलं.

"सगळीच!"

"मग पुढच्या वर्षी वाडी काय भाड्यानं आननार, शत्रुघ्ना?"

भाऊ तापले. "लाव पैज!"

"लावली. ज्युनियरमधली एक तरी पोर यंदा टीमला वाचवनार. नाही वाचवलं, तर कमरेला केळीची सुकी पानं बांधून, हा बाक डोक्यावर घेऊन मी मैदानाला फेरी मारीन."

"आनि वाचवलं तर मी!" भाऊंनी थाप मारली. मारायची होती स्वतःच्या मांडीवर, पडली माझ्या पाठीवर.

मी सागवानी आहे, मित्रांनो. सुताराच्या हातून निघालो तो थेट चर्चमधे. पन्नास वर्षं लोकांनी माझ्यावर बसून प्रार्थना केली. नवे बाक आले, तेव्हा मला मैदानावर पाठवलं. राखीव खेळाडू बसवायला. इथं बघतो तर लोक चर्चपेक्षा जास्त प्रार्थना करतायत!

एवढ्या वर्षांत मी एक विद्या शिकलो. मला माणसं बुडावरून कळतात. घाबरलेला माणूस अगदी काठावर टेकतो. रुसलेला मधोमध पसरतो. आणि ज्याचा पाय दुखतो, तो एकाच कुल्ल्यावर बसतो. हसू नका, हे पुढं कामाला येणार आहे.

माझ्या काठावर दोन वर्षं एकच पोरगी टेकत होती. जेसिका, वय अठरा, आमच्याच वटारची, ज्युनियरमधून आलेली गोलकीपर. दोन वर्षांत एक मिनिट खेळली नाही. ज्युनियर टीम बंद होऊन सगळ्या बाहेरच्या आल्या, की तिचाही फुटबॉल संपला. बसल्या-बसल्या ती नखानं मला कुरतडायची. तिच्या जागेवर एवढा खड्डा पडलाय.

गोलमधे उभी असायची विनिता. सदतीस वर्षांची, भाऊंनी थेट कोल्हापूरहून आणलेली. मला वाटायचं, ही जेसिकाची दुष्मन. पण रोज संध्याकाळी सगळे गेले, की विनिता तिला गोलमधे उभी करायची आणि पन्नास-पन्नास पेनल्टी मारायची. "अगं, आधीच उडी मारू नकोस की! बॉल सुटू दे!" बघणारा फक्त मी.

मग आली शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी आम्ही लीगमधे राहणार होतो. दोन मिनिटं उरली, स्कोअर एक-एक, आणि रेफरीनं दिली पेनल्टी. आमच्याविरुद्ध!

आणि तेवढ्यात विनिता मांडी धरून खाली बसली.

"क्रॅम्प! बदली करा!"

आमच्या कोच संपदाताईंनी जेसिकाला हाक मारली. भाऊ मैदानाच्या कुंपणावरून ओरडले, "अगं तिला उठवा कोनीतरी! पोर काय अडवनार?"

जेसिका उठली. खड्ड्यावरचं वजन गेलं. विनिता लंगडत आली आणि माझ्यावर बसली.

मित्रांनो, मी हादरलो. ती दोन्ही कुल्ल्यांवर सारखी बसली होती! क्रॅम्प-बिम्प काही नव्हता. ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं?

तिकडं शिट्टी झाली. समोरच्या टीमच्या दहा नंबरच्या पोरीनं बॉल मारला. जेसिका थांबली, थांबली, आणि उजवीकडं झेपावली. बॉल तिच्या मुठीवर आपटून बाहेर!

विनिता दोन्ही पायांवर टणकन उडाली. संपदाताई बघतच राहिल्या. "अगं, तुझी मांडी?"

"ठणठणीत आहे. ती दहा नंबर सहा वर्षं माझ्याबरोबर खेळलीय, ताई. मी कुठं झेप घेणार, तिला झोपेतसुद्धा ठाऊक. ही पोर मात्र तिनं जन्मात बघितली नव्हती."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर बदली केली असती व्हय?"

मॅच बरोबरीत सुटली, आम्ही वाचलो.

भाऊ सटकायच्या बेतात होते. "डोकं तर विनिताचं ना? म्हनजे जिंकली अनुभवी बाई!"

"काका," विनिता म्हणाली, "ही माझी शेवटची मॅच. घड उतरला की झाड कापतात, हे मी तुम्हाला सांगू व्हय? पील तेवढं राखा."

वाडीवाल्याचं तोंड वाडीतल्याच गोष्टीनं बंद झालं. भाऊ म्हणाले, "एक पील राखतो मी. दर वर्षी, दर झाडाला. इथंच कसा इसरलो?"

प्रिस्काबाय पानं घेऊन तयारच होती. सगळ्या गावासमोर तिनं ती भाऊंच्या कमरेला कचकन बांधली. जेसिकानं आणि विनितानं मला दोन्हीकडून उचलून भाऊंच्या डोक्यावर धरलं.

"ज्युनियर टीम चालू ऱ्हानार!" भाऊ खालून ओरडले. "आता हळू ठेवा रे, मान मोडेल!"

पोरं शिट्ट्या मारत मागं धावली. सुक्या पानांचा खळखळाट होत होता. उभ्या आयुष्यात लोक माझ्यावर बसले, मित्रांनो. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाच्या तरी डोक्यावर बसलो!

एवढंच सांगतो. काठावर कुणी टेकलेलं दिसलं, तर त्याला एकदा खेळायला पाठवून बघा. आणि मला पावसाआधी थोडं तेल लावा. पण जेसिकाचा खड्डा बुजवू नका. तिथं आता दुसरी पोर बसते.