दुसरा बूट

"उजवा द्या, डावा द्या, पण लवकर द्या हो आजी. मला दार उघडं ठेवता येत नाही."

नर्स काचेच्या खोलीच्या दारात हात पुढे करून उभी होती. तिच्यासमोर लोकरताई. दोन्ही हातांत एकेक पिवळा लोकरीचा बूट, आणि चेहरा परीक्षेत सगळं विसरलेल्या मुलीचा.

"लोकरीच्या बुटाला कसलं आलंय गं उजवं-डावं? दोन्ही घे की."

"एकच घालता येईल. दुसऱ्या पायात सुई आहे, सलाइन चालू आहे. पाय गार पडतायत बाळाचे, म्हणून तर मागितला."

लोकरताईंनी दोन्ही बूट शेजारी धरून पाहिले आणि त्यातला लहान पुढे केला. मोठा पदराखाली लपवला. लहान-मोठा म्हणजे थोडाथोडका नव्हे, एक दुसऱ्यात सहज मावला असता. नर्सनं तो घेतला. दार मिटलं.

एरवी असली विजोड जोडी कुणाच्या हातात दिली असती, तर लोकरताईंनी स्वतःचेच कान उपटले असते. उभा जन्म त्यांनी एका मोठ्या ऑफिसच्या टेलिफोनवर काढला होता. कानाला हेडफोन, तोंडानं "थांबा हं, जोडून देते" आणि हात टेबलाखाली विणकामाच्या सुयांवर. ऑफिसात कुणाच्या घरी मूल झालं की बूट लोकरताईंचे, हे ठरलेलंच. साहेबांच्या नातवाला तेच आणि पहारेकऱ्याच्या जुळ्यांनाही तेच. माप कधी कुणाला विचारलं नाही. आपला अंगठा टोकापासून मुळापर्यंत धरायचा, झालं नव्या बाळाचं पाऊल. या अंगठ्यानं कधी दगा दिला नव्हता.

दगा द्यायची ती त्यांची वीण. मन कसं आहे ते तिला लपवता यायचं नाही. साहेब ओरडले की टाके इतके आवळले जायचे की सुई आत शिरायला तयार नाही, आणि पगारवाढीची बातमी आली की सगळं ढगळ. म्हणून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. जोडी एका बैठकीत पुरी करायची, मधे उठायचं नाही. मग जगबुडी होवो.

या वेळी त्या उठल्या. पहिला बूट घरी खिडकीशी बसून झाला होता, लेकीशी फोनवर नावांवरून भांडत. लेकीनं सुचवलेलं प्रत्येक नाव त्यांनी हसून हाणून पाडलं होतं. दोरी ओवून झाली. दुसऱ्याचे टाके घालायच्या आधी म्हटलं, घोटभर चहा घेऊ. अजून कितीतरी दिवस हातात होते, घाई कसली? चहा उकळत होता तेव्हा जावयाचा फोन आला. "आई, हिला दवाखान्यात आणलंय. तुम्ही याच."

दुसरा बूट या व्हरांड्यातल्या बाकावर झाला. तीच लोकर, त्याच सुया, टाकेही तितकेच. पण लोकर बोटात रुतत होती. बूट आकसत आकसत अंगठ्याच्या पहिल्या पेरावर येऊन थांबला. आणि आता काचेतून पाहिलं तर नातीचं पाऊल नेमकं तेवढंच होतं. नर्सनं तो बूट हळूच चढवला, दोरी बांधली. बसला! लोकरताईंच्या घशातून हसू बाहेर पडलं की हुंदका, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

वरच्या मजल्यावर लेक उताणी पडली होती. पोटावर टाके, हलायची सोय नाही. पोरीचं तोंडही तिनं धड पाहिलं नव्हतं. आई आत आल्या आल्या तिनं विचारलं, "घातले?"

"घातले."

"दोन्ही?"

लोकरताई तिच्या उशीजवळचा पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे करत राहिल्या. एक नाही म्हटलं की सुई आली, सुई म्हटलं की सलाइन आलं, मग नळ्या, मग ते सतत पिकपिकणारं यंत्र. कुठून सुरुवात करायची?

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "ऐटीत पाय पसरून झोपलीय. तुझ्यासारखीच आळशी."

लेक हसली. हसताना पोटातले टाके ओढले गेले तशी कळवळली, तरी हसली. "दुपारी चाकाच्या खुर्चीतून खाली नेणार आहेत मला. मी सगळ्यात आधी पायच बघणार."

आता आली का पंचाईत! दुपारपर्यंत सुई निघाली, तर त्या पायात घालायला मापाचा बूट नको? लोकरताई पुन्हा व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या. नवी लोकर आणायला बाजारात जावं, तर इथून पाय निघत नव्हता. त्यांनी पदराखालचा मोठा बूट काढला. दोरी सोडली, टोक शोधलं आणि ओढलं. खिडकीतलं ऊन, लेकीचं हसणं, ती सगळी नावं ज्या बुटात विणली गेली होती, तो बघता बघता उसवला. लोकर कुरळी होऊन मांडीवर पडली. त्यांना फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

टाके घालून झाले. तळ झाला. टाच वळली. मधे जावई येऊन शेजारी बसला, जरा वेळ नुसता सुया बघत राहिला. एरवी सासूची थट्टा केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

"आई, बुटात एवढा जीव अडकलाय तुमचा?"

"बुटात नाही अडकलेला," त्या म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात काचेच्या खोलीचं दार उघडलं. नर्सनं त्याला एकट्याला आत बोलावलं. आत डॉक्टर होते. लोकरताईंनी मान वर केली नाही. मान वर केली की टाका सुटतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि सुई चालू ठेवली. पण कान टेलिफोनवर मुरलेले. यंत्राचं पिकपिकणं थांबल्याचं त्या कानांना कळलं. कुणीतरी बटण दाबून बंद केलं होतं.

जावई बाहेर आला. भिंतीला हात लावत लावत त्यांच्यापर्यंत पोचला.

"गेली, आई."

लोकरताईंच्या हातातल्या सुया थांबल्या. हा आता आपल्या पायाशी कोसळणार, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनीच त्याचं डोकं ओढून खांद्यावर घेतलं. तो मोठ्यानं रडला. त्या रडल्या नाहीत. त्यांना रडायचं होतं, पण वरच्या मजल्यावर एक बाई खाली यायची वाट बघत होती.

"तिला तुम्ही सांगा," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही व्हायचं. आणि मग घेऊन या तिला. बघू दे पोरीला."

जावई जिन्याकडे गेला. नर्स दारातच उभी होती, तिचेही डोळे लाल झालेले.

"तिच्या पायातली सुई?" लोकरताईंनी विचारलं.

"काढली आजी. सगळंच काढलं."

"म्हणजे दुसरा पाय मोकळा झाला."

नर्सनं मान हलवली. लोकरताईंनी पुन्हा सुया उचलल्या.

"आजी, आता कशाला..."

"मी लेकीला दोन्ही घातले म्हणून सांगितलंय गं."

डॉक्टर बाहेर येऊन कागदांचं काहीतरी म्हणू लागले, तेव्हा नर्स त्यांना हलक्या आवाजात म्हणाली, "आजींचं होऊ दे." ते आत परत गेले.

पण होईना. आता हातात जोरच उरला नव्हता. टाके सैल पडत होते, बूट वाढतच चालला होता. ज्या भीतीनं बाळाच्या पायातला बूट आवळला गेला होता, ती भीतीच संपली होती. भ्यायला काही उरलंच नव्हतं! लोकरताईंनी दोन ओळी उसवल्या. पुन्हा विणल्या. पुन्हा ढगळ. त्यांनी दात आवळले, शिकाऊ मुलीसारखा बोटाला लोकरीचा एक वेढा जास्त घेतला आणि एकेक टाका ओढून ओढून घातला. बोट पांढरं पडलं. शेवटचा टाका बंद करून त्यांनी बूट अंगठ्याच्या पहिल्या पेरावर धरून पाहिला. जमला होता.

खुर्चीची चाकं व्हरांड्यात वाजली. लेकीनं आईकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. नर्सनं बाळाला पांढऱ्या कापडात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं. लेक त्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पायाकडचं कापड बाजूला केलं.

एक पाय पिवळा. एक उघडा, सुईच्या जागी चिकटपट्टी.

"एक निसटला होता," लोकरताई म्हणाल्या. त्या गुडघे टेकून खाली बसल्या. थंड पाऊल तळहातात धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग बूट चढवला. दोरीची गाठ मारली. आणि मग, आजवर प्रत्येक बाळाची गाठ मारून झाल्यावर करायच्या तसंच, करंगळीचं टोक दोरीखाली सरकवून पाहिलं. जात नव्हतं.

त्यांनी गाठ सोडली आणि जरा सैल बांधली.

"वळ उठतात नाहीतर," त्या लेकीला म्हणाल्या.