नववी अ आणि ब

उज्ज्वलाने कळ दाबली तसा पडद्यावरचा त्रिकोण आपोआप वळला आणि दुसऱ्या त्रिकोणावर जाऊन अचूक बसला. नववीच्या दोन्ही तुकड्या सतरंजीवर दाटीवाटीने बसून तोंडाचा आ करून बघत होत्या. लिंबायतच्या या मराठी शाळेत अठ्ठ्याण्णव साली संगणक आला, पण त्यावर भूमितीचा तास आज पहिल्यांदाच होत होता. शाळेचे विश्वस्त भगवानशेठ, तीन लूमखात्यांचे, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांचे मालक, मागे उभे होते. स्वारी भलतीच खुशीत होती.

"समजलं का रे?" त्यांनी विचारलं.

"होऽऽ," सगळे एका सुरात म्हणाले.

हा 'हो' उज्ज्वलाच्या चांगल्या ओळखीचा होता. डोक्यात काही शिरलं नाही की मुलं तो असा लांबवतात. तिने फळ्यावर तेच त्रिकोण उलटे काढले, अक्षरं बदलली आणि दिपालीला उठवलं. एरवी टकळी न थांबणारी ही पोर खडू धरून नुसती उभी राहिली.

"बाई, तो फिरत होता तोवर कळत होतं," ती हळूच म्हणाली.

ब तुकडीला भूमिती शिकवणारे काशिनाथसर खिडकीपाशी होते. त्यांच्या तासाला एव्हाना चारपाच जण फळ्यावर चुकले असते, हशा झाला असता आणि शेवटी गणित सुटलंही असतं. अ तुकडीला शिकवणारी उज्ज्वला त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सर आत्ता खिडकीबाहेर बघत होते, याचाच तिला राग येत होता.

तास सुटल्यावर शेठनी तिला बाजूला घेऊन आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं.

"माझ्या खात्यात एक माणूस आठ लूम बघतो, बेन. दोन्ही वर्ग साथे तुम्हाला जमतील ने? तर मग जूनपासून कायम करून टाकू तुम्हाला."

सरांचं काय होणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. मुलांना कळलेलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"जमेल," ती म्हणाली.

घरी तिचे वडील, आबा, जेवायची वाट बघत बसले होते. ते कामाला होते त्या कडोदऱ्याच्या खात्यात नवे लूम आले, निम्म्या माणसांना घरी बसवलं, त्यांत तेही होते. तेव्हापासून घर उज्ज्वलाच्या तात्पुरत्या नोकरीवर चाललं होतं. तिने बातमी सांगितली. आबांना इतकं हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"दोन्ही वर्ग तुनाकडेच?"

"हो."

"नि तो दुसरा मास्तर?"

"बसतील घरी. वय झालंय त्यांचं."

"कितलं शे वय?"

उज्ज्वलाने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांच्याकडे बघायचं तिने टाळलं.

"तुमच्याएवढंच, आबा."