तलावाच्या तळाशी एक दात

खारूताईचे वरचे पुढचे दोन दात नवे आले, तेव्हा त्या इवल्याशा चेहऱ्यात ते इतके मोठे दिसायचे की हे नाव आपोआपच पडलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे बाबा कवळ्या करायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या कामाच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, टेबलावर गुलाबी मेण मऊ होत असे, आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की हवेतली पांढरी धूळ जणू खाली बसायचं विसरून जाई.

वीस वर्षं लोकांच्या गेलेल्या दातांच्या जागी दुसरे दात करता करता बाबांनी एकच ध्यास घेतला होता: लेकीचा एकही दात जाता कामा नये. पहिला दात हिरडीतून डोकावला त्या दिवसापासून ते तो ओल्या फडक्याने पुसायचे. पुढे मऊ ब्रश आला, वाटाण्याएवढी पेस्ट आली. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ आली, तेव्हा बाबा टॉर्च लावून तिच्या तोंडात बघत बसले होते.

"अरे, पोरगी आहे ती, चिनी मातीची बरणी नाही," आई म्हणायची.

खारूताईला मात्र ते सगळं आवडायचं. बाबांच्या मांडीवर मान मागे टाकून ती डोळे मिटायची. ब्रशची गुदगुली, बाबांचं गुणगुणणं, तोंडात साठत जाणारा फेस... कधीकधी चूळ भरायच्या आधीच तिला पेंग यायची.

त्या रविवारी सकाळी बाबा तिला पोहायला घेऊन गेले. तलावावर काचेचं छप्पर होतं. पाण्यावरचा उजेड भिंतींवर लाटांसारखा हलत होता आणि मुलांचा आरडाओरडा कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. जवळचं बघायचा चष्मा शेजारी काढून ठेवून बाबा बाकावर बसून त्या उजेडाकडे बघत होते. डोळे जड झाले होते. तेवढ्यात ओल्या फरशीवर धावणाऱ्या पावलांचा आवाज आला, मग एक बारीकसा 'टक्', आणि काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज.

पाय घसरून, तोंड काठावर आपटून खारूताई पाण्यात पडली होती. पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला झटकन वर काढलं. खारूताई रडत नव्हती. ती हनुवटीवरून ओघळणाऱ्या लाल धारेकडे नवलाने बघत होती. तिने ओठ उघडले. वरच्या दोन दातांपैकी एक तिथे नव्हता.

"दुधाचा होता का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," बाबा म्हणाले. "कायमचा. सापडला तर परत बसवता येईल. पण लवकर सापडायला हवा."

बाईंनी दोनदा बुडी मारली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने वर आल्या. "तळाची फरशी पांढरी, दात पांढरा. दिसणार कसा?"

"दात पांढरा नसतो," बाबा म्हणाले. रोज दातांचे रंग जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "सायीसारखा असतो, किंचित पिवळसर. सगळ्यांना बाहेर काढा. पाणी थांबू दे."

मुलं बाहेर आली आणि टॉवेल गुंडाळून काठाने उभी राहिली. बाबा कपड्यांनिशी फरशीवर पालथे झाले आणि नाक पाण्याला टेकेल इतके वाकले. पाणी हळूहळू निवळत गेलं. आधी मोठ्या लाटा विरल्या, मग लहान, मग नुसता शहारा उरला. तळाच्या चौकोनी फरश्या डोलता डोलता सरळ झाल्या. बाबांना वाटलं, आपण कुठल्यातरी अतिशय शांत घराच्या छतावरून आत डोकावतोय. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, पण त्या पाण्यात वेळ नव्हताच. आणि मग त्या पांढऱ्या नितळ जमिनीवर त्यांना तांदळाएवढा एक सायीचा ठिपका दिसला.

"काळ्या पट्टीच्या डावीकडे. दुसरी फरशी. मुळाला हात लावू नका, चावायच्या बाजूला धरा!"

बाई खाली गेल्या. त्यांचे केस पाण्यात पसरले, हात लांबला. त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या चिमटीत दात होता.

दात कोरडा पडू नये म्हणून समोरच्या उपाहारगृहातून कपभर गार दूध आणलं. दात त्यात टाकून, टॅक्सीत सगळा वेळ कप दोन्ही हातांनी धरून बाबा खारूताईला घेऊन दवाखान्यात पोचले. दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहायच्या, आणि बाबा वर्षानुवर्षं त्यांच्या पेशंटच्या कवळ्या करत. बाबा मदतीला पुढे झाले, तर डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाल्या, "आज तुमचा हात चालायचा नाही. बाहेर बसा."

दात जागेवर बसला. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला गेला. दोन आठवडे मऊ भात आणि सूप. मूळ अजून पुरतं वाढलं नव्हतं, म्हणून दात जगण्याची आशा होती. नक्की कुणीच सांगेना. तार निघाल्यावरही महिन्या-दोन महिन्यांनी दाताचा एक्स-रे फोटो काढावा लागायचा. वर्ष उलटलं, आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांड्याने दातावर टकटक केलं, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "मूळ वाढतंय. जिवंत आहे."

घरी परतताना खारूताईने बाबांचा हात धरला होता.

"बाबा, त्या दिवशी तू रडलास ना?"

"छे! पाणी उडालं होतं चष्म्यावर."

"चष्मा तर तू बाकावरच विसरला होतास. मी आणला."

बाबा हसले. तिने त्यांचा हात सोडला आणि पुढे जाऊन फुटपाथवरच्या आपल्या लांब सावलीवर उड्या मारत चालू लागली.

"सावकाश!" असं म्हणायचं बाबांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी तो शब्द गिळला आणि ते तिच्या मागून चालू लागले.