आमेनला बंद

बॉयलरवाल्याचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता आणि प्रार्थना मधेच अडली होती.

हॉस्पिटलच्या तळघरात हे काम दर चार तासांनी असायचं. बॉयलरच्या बुडाशी गाळ साचतो, तो थोड्या पाण्यासकट बाहेर सोडायचा. किती वेळ सोडायचा? त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, "घड्याळाच्या नादी लागू नकोस. प्रभूची प्रार्थना एकदा म्हण. आमेनला बंद." सव्वीस वर्षं तो तसंच करत आला. घरीसुद्धा तीच खोड. बायको चिडवायची, "अंडं उकडायला वीस आमेन. देवाला माझ्या शेगडीपाशी कशाला ताटकळत ठेवता? आणि ते तेलकट हात आधी धुवा, मला शिवू नका."

तीच बायको आत्ता दोन मजले वर ऑपरेशनच्या टेबलावर होती. पोटात गाठ. डॉक्टरने सकाळी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, गाठ मोठी आहे, रक्त बरंच जाईल. बदली माणूस तापाने आडवा झालेला, तरी चारला येतो म्हणाला होता, तोवर हा खाली अडकला. तसं वर बाकावर बसून तरी काय दिवे लावणार होता? तिच्या पोटात जाणारे चिमटे-कात्र्या ह्याच्याच वाफेत शुद्ध होणार होत्या.

एरवी प्रार्थना जिभेवरून आपोआप घरंगळायची. आज बाराच्या पाळीला ती एक ओळ आली. देवाला, तुझ्या मनासारखं होऊ दे, असं म्हणायची ओळ. तिथे जीभ टाळूला चिकटली. त्याच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय हो कसं म्हणायचं? ओळ निघेना, आमेन येईना, आणि व्हॉल्व्ह उघडाच.

"दाजी, पाणी बघा, पाणी," सोबतीला खाली येऊन बसलेला मेहुणा ओरडला.

त्याने चाक गरगर फिरवून बंद केलं. बॉयलरला काचेची एक नळी असते, आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसतं. नळी रिकामी होती. त्याने आधी आग विझवली.

तेवढ्यात फोन खणखणला. वरची सिस्टर होती.

"बॉयलरकाका, रक्त थांबत नाहीये. चिमट्यांचा अजून एक ट्रे लागणार. वाफेचा दाब का पडतोय?"

"किती वेळ वाफ लागेल तुम्हाला?"

"वीस मिनिटं. पण भरपूर दाबाने, आणि लगेच."

"देतो," म्हणाला, आणि फोन ठेवताना त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो.

मेहुणा पाणी भरायच्या पंपाच्या बटणापाशी जाऊन उभा राहिला. "दाबू का?"

"हात मागे घे."

"ताई आहे ती माझी."

"आतलं लोखंड उघडं पडून तापलं असेल आणि त्यावर गार पाणी गेलं, तर हा फुटेल. वर ताई राहणार नाही, तिचा डॉक्टरही राहणार नाही."

"सारखं देव देव करता ना? आज ठेवा की भरवसा."

"भरवसा माझा, आणि मरायचं वरच्या बाळंतिणींनी? असा भरवसा नसतो रे."

"मग काय बघत बसायचं?"

"हो. बघायचंच."

गाळाने नळीचं तोंड तुंबलं असेल, तर पाणी असूनही दिसत नाही. त्याने नळीची खालची तोटी उघडली. वाफ फिस्सकन बाहेर आली. तोटी बंद केली. आता आत पाणी असेल तर नळीत चढेल, नसेल तर सगळंच संपलं. तो काचेला नाक लावून उभा राहिला आणि प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली. ह्या खेपेला तो थांबला नाही, त्याने ओळच फिरवली. "माझ्या मनासारखं होऊ दे," तो पुटपुटला. "एवढ्या एका वेळेला."

काचेच्या तळाशी बोटभर पाणी चढलं, आणि तिथेच थरथरत राहिलं.

"पंप लाव," तो म्हणाला. पाणी नळीवरच्या खुणेपर्यंत आल्यावर त्याने आग पेटवली. दाबाचा काटा हळूहळू वर सरकला. वाफ वर गेली.

मेहुणा उपड्या बादलीवर बसला. "दाजी, मघाशी जरा जास्तच बोललो."

"तुझ्या ताईच्या मानाने काहीच नाही."

दोघंही हसले.

सिस्टर कायम फोनवरच बोलायची, तळघरात कधी उतरायची नाही. पावणेचारला जिन्यावर तिच्या पांढऱ्या चपला दिसल्या, तेव्हा तो उठून उभा राहिला.

"माझी वाफ उशिरा पोचली का?" त्याने आधी तेच विचारलं.

"नाही काका. वेळेत होती. ट्रे तयार आहे." तिने जिन्याचा कठडा धरला. "वापरायची वेळच आली नाही. त्याआधीच त्या गेल्या. मला लवकर खाली येता आलं नाही."

मेहुण्याने तोंडावर रुमाल दाबला. बॉयलरवाल्याने काट्याकडे बघितलं, उगीचच.

"तो ट्रे?"

"एका बाळंतिणीला टेबलावर घेतलंय. तिला लागेल." मग हळूच म्हणाली, "चला वर."

चार वाजले. बदली माणूस कानाला मफलर गुंडाळून आला. त्याला जिन्यातच कळलं असावं. "तुम्ही जा," तो म्हणाला, "गाळ मी काढतो."

"चारचा माझा आहे."

त्याने चाक फिरवलं. तळघर घुमायला लागलं. तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता. त्या ओळीपाशी ओठ थांबले. मेहुण्याने काचेकडे बघितलं, पाणी उतरत होतं, पण ह्या वेळी तो ओरडला नाही.

मग बॉयलरवाल्याने ओळ म्हटली. जशी आहे तशी, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी.

आमेनला चाक बंद झालं. पाणी बरोबर खुणेवर होतं.

तो कोपऱ्यातल्या नळापाशी गेला. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. वास घेऊन बघितला. तेलाचा वास येत होता. त्याने परत साबण लावला, नखं घासली, आणि ओले हात अंगापासून लांब धरून जिना चढू लागला.