कट्ट्यावरची पहिली लाथ

ज्ञानूची चोरी समजून घ्यायची तर आधी कोल्हापूरकराचं दूध पिणं समजून घ्यायला पाहिजे. संध्याकाळी दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळतात, फेसाळ दुधाचा गरम पेला हातात देतात, आणि खरा गडी तो ओठापासून न काढता एका दमात रिकामा करतो. मध्ये थांबला तर शेजारचा हसतो. त्यामुळं पेला तोंडाला लागला की मान मागं, डोळे मिटलेले, आणि तेवढा वेळ त्या माणसाला स्वतःच्या खिशाचा पत्ता नसतो. शाहूवाडीहून घर सोडून आलेल्या एकोणीस वर्षांच्या ज्ञानूनं नेमकी ती वेळ हेरली होती. आपलाही पेला हातात धरून तो शेजारी उभा राहायचा आणि दोन बोटांनी मोबाईल उचलायचा. वाईट वगैरे त्याला काही वाटत नसे. दूध पिऊन माजलेली माणसं ही, यांचा एखादा मोबाईल गेला तर काय बिघडलं, असं तो मनाशी म्हणायचा.

याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात तो पकडला गेला, आठ महिने आत काढून आला आणि शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला. तिथली ठेकेदारांची दांडगाई बघून त्याचं डोकं फिरलं आणि तो भांडायला शिकला. आता ठेकेदारी कामगारांची संघटना त्याच्याच जिवावर उभी होती. ज्ञानूला दुसरं घर नव्हतं, दुसरं नावही नव्हतं. लोक त्याला कार्यकर्ता म्हणत, तेवढं एक त्यानं आयुष्यात सरळ मार्गानं कमावलं होतं.

फाउंड्रीच्या गेटसमोर धरणं धरून त्यांना नऊ दिवस झाले होते. यशराज नावाच्या कामगाराच्या दोन्ही पायांवर वितळलेलं लोखंड सांडलं होतं, आणि ठेकेदार उदयसिंह म्हणत होता की त्या दिवशी यशराज कामावर नव्हताच. हजेरीत त्याचं नाव नाही. रोज सकाळी ज्ञानू माईकवरून एकच मागणी करायचा, खरं काय ते बोला.

नवव्या दिवशी उदयसिंह जीपमधून उतरला तो हातात ज्ञानूच्या जुन्या पोलीस केसच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊनच.

"कुणाच्या मागं बसलाय रं तुमी? पाकीटमार हाय त्यो. आठ म्हैने जेलात व्हता. वाचा की."

कागद हातोहात फिरले. शंभरेक माणसं ज्ञानूकडं अशी बघायला लागली, जणू त्यानं त्यांचाच खिसा कापला होता.

"ज्ञानू, हे खरं हाय काय?" कुणीतरी विचारलं.

"व्हय. चोऱ्या केल्या. शिक्षाबी भोगली."

"आन आमाला कवा सांगणार व्हतास?"

दोघंतिघं चपला पायात सरकवून उठले. धरणं मोडणार, हे उदयसिंहाच्या चेहऱ्यावर आधीच दिसत होतं. तेवढ्यात केरबा उभा राहिला. केरबा भट्टीवरचा सगळ्यांत जुना कामगार. त्याचा डावा हात कोपरात सरळ व्हायचा नाही, आणि तो फाउंड्रीतच मोडला असणार अशी सगळ्यांची समजूत होती. ज्ञानूचीही.

"बसा खाली," केरबा म्हणाला. "पोलिसाचा कागद म्हंजे काय देवाचा शब्द हाय? मलाबी चोर ठरवलंतं एकदा. कट्ट्यावर दूध प्यायला गेलतो. कुणाचा तरी मोबाईल गेला, आन एक पोरगं माझ्याकडं बोट दावून वरडलं. हाणून हाणून ह्यो हात मोडला लोकांनी. मी चोर व्हतो काय? ज्ञानू आपला हाय. बसा."

उठलेले बसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ज्ञानूला कट्ट्यावरची ती संध्याकाळ आठवली. खाली पाडलेल्या त्या माणसाचं तोंड त्यानं नीट पाहिलंच नव्हतं, रक्त तेवढं पाहिलं होतं. गेली दोन वर्षं तो याच माणसाच्या डब्यातली भाकरी खात होता. त्याला आधी राग आला तो केरबाचाच. म्हाताऱ्याला आजच तोंड उघडायचं होतं? गप्प बसलं की सगळं होतं तसं राहणार होतं. धरणं, संघटना, नाव. पण रोज दुसऱ्याला खरं बोल म्हणून ओरडणारं तोंड त्याचंच होतं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं माईक खाली ठेवला.

"केरबामामा, बोट दावणारं पोरगं मीच. मोबाईल माझ्या खिशात व्हता. पहिली लाथबी माझीच व्हती."

केरबा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मोबाईल घेतलास ते कळलं. लाथ कशाला घातलीस?"

"लोकांना मी त्यांच्यातलाच वाटावा म्हून."

केरबानं चांगल्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. मग आणखी एक. कुणीही मध्ये पडलं नाही. जीपला टेकून उदयसिंह मोठ्यानं हसला, आणि केरबा तसाच त्याच्याकडं वळला.

"हसू नगासा. ह्यानं आपलं सांगितलं. आता तुमी सांगा. त्या दिशी यशराज भट्टीवर व्हता का न्हवता?"

उदयसिंह हसायचा थांबला. शंभर माणसं आता त्याच्याकडं बघत होती. तो जीपमध्ये बसला आणि गेला. केरबानं माईक उचलला आणि धरणं सुरूच राहणार म्हणून सांगितलं.

"मी काय करू?" ज्ञानूनं विचारलं.

"तुला माईक न्हाय मिळायचा," केरबा त्याच्याकडं न बघता म्हणाला. "उद्या यायचं आसंल तर सतरंजी घालायला ये."

दुसऱ्या दिवशी ज्ञानू सगळ्यांच्या आधी आला. त्यानं गेटसमोर सतरंजी अंथरली, सुरकुत्या काढल्या, हातानं धुरळा झाडला आणि बाजूला उभा राहिला. कामगार आले. केरबा सगळ्यांच्या पुढं होता. तो सतरंजीला वळसा घालून पलीकडं गेला आणि मातीत बसला. मग बाकीचेही एकेक करून मातीतच बसले.