कॅहलचा विस्तव

आमच्या कुळाचा मूळपुरुष कॅहल. नायकाच्या गढीत त्याचं मोठं चित्र लावलंय, हातात तलवार वगैरे. खरं तर या डोंगरात आला तेव्हा त्याच्या अंगावर धड कपडा नव्हता. मागे वैरी आणि पुढे बर्फ. माझ्या मुरेल आत्याच्या कुठल्याशा खापरपणजीनं त्याला आत्याच्या याच घरात चुलीपाशी लपवलं म्हणून तो जगला. पुढे खोऱ्याचा धनी झाल्यावर त्यानं शब्द दिला की, या चुलीतला विस्तव जिवंत आहे तोवर या घराला कुणी हात लावणार नाही. तेव्हापासून कुळाचा प्रत्येक नवा नायक या घरचा निखारा नेऊन गढीच्या दिवाणखान्यात आग पेटवतो. ती विझू देईल तो कॅहलच्या रक्ताचा नव्हे, असं आम्ही मानतो.

आत्ताचा नायक लाखलन, त्यानंही आत्यापुढे गुडघे टेकून निखारा नेला होता. मग एडिंबरा शहरात राहून त्याला मेंढ्यांचं वेड लागलं. माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात म्हणे. खोरं रिकामं करायचं ठरलं, पण कॅहलचा शब्द उघड मोडायची छाती होती कुणाला? कारभारी पिटकेर्ननं पळवाट काढली. एका दुपारी तो माणसं घेऊन आला आणि आत्याचीच दुधाची बादली उचलून त्यानं चुलीत ओतली. निखारे चरचरून काळे पडले.

"विझला विस्तव. शब्दही संपला," तो म्हणाला, आणि त्याची माणसं छप्पर उतरवायला वर चढली.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले.  आत्यानं मात्र लोखंडी भांडं घेतलं, दुधाची दुसरी बादली माझ्या हाती दिली आणि गढीची वाट धरली. सगळी वस्ती मागून निघाली.

लाखलन दिवाणखान्यात पाहुण्यांबरोबर जेवत होता. पिटकेर्न घोड्यावरून आमच्या आधीच येऊन बसला होता.

"विस्तव मागायला आलेय, लाखलन," आत्या म्हणाली. "तुझ्याकडचा माझ्याच चुलीतला आहे."

पिटकेर्न म्हणाला, ठिणगीसुद्धा मिळणार नाही.

आत्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मग हाही विझव, बाळा. दूध आणलंय. तुझ्या हातानं ओत, म्हणजे कॅहलचं आता कुणी उरलं नाही असं समजून मी खोरं सोडते."

मी बादली त्याच्या पायाशी ठेवली. दारात माणसं दाटली होती. लाखलननं बादलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चित्राकडे. शेवटी पिटकेर्नच बादली उचलायला पुढे सरसावला.

"हात लावू नकोस तिला," लाखलन म्हणाला. 

"म्हणजे जिवंत आहे तर," आत्या म्हणाली, आणि आगीपुढे बसून तिनं सावकाश निखाऱ्यांनी भांडं भरलं.

परतलो तेव्हा घरावर छप्पर नव्हतं. उघड्या भिंतींतच आम्ही चूल पेटवली. मी मुद्दाम ओलं जळण घातलं. धूर गढीवरून दिसायला हवा होता.